तक्त्यावरची दहावी ओळ

वादिकचा डावा डोळा पिंजऱ्यातल्या लढतीत गेला असं आमच्या रुदनिचनी गावात लोक अजून शपथेवर सांगतात. साफ खोटं. तो दहा वर्षांचा असताना आमच्याच इमारतीमागे, गॅरेजांच्या रांगेत गेला, आणि मी तेव्हा खिडकीशी कोबी चिरत उभी होते. वेल्डिंगवाल्यांच्या डब्यातलं कार्बाइड पळवायचं, बाटलीत टाकायचं, वर पाणी ओतायचं, बूच ठोकायचं आणि पळत सुटायचं, हा त्या वर्षांतला आमच्याकडच्या पोरांचा लाडका खेळ. कुणाची बोटं गेली, कुणाच्या भुवया गेल्या, तरी खेळ काही थांबला नाही. त्या दिवशी बाकीची पोरं पळाली. वादिक थोडा पळाला, थांबला, आणि बाटली अजून फुटत कशी नाही म्हणून परत वाकून बघायला गेला.

डोळा बाहेरून शाबूत राहिला. निळा, टपोरा, चारचौघांसारखा. मार बसला तो आत, पडद्याला. इस्पितळातून आला तेव्हा मी त्याच्यासाठी मुरंबा घेऊन गेले. त्यानं उजवा डोळा हातानं झाकला आणि माझ्याकडे बघितलं.

"क्लावा मावशी, मध्ये काळा डाग आहे. तुझं तोंड दिसत नाही. कान दिसतात."

"बरं झालं. माझ्या तोंडात बघण्यासारखं आहे तरी काय?" मी म्हटलं. घरी आले आणि दार लावून रडले.

तो माझा सख्खा भाचा नव्हे. त्याची आई नीना माझी शेजारीण, खाणीच्या दिवेघरात कामाला. पाळीवर उतरणाऱ्याला दिवा द्यायचा, वर आला की परत घ्यायचा, आणि जो दिवा परत आला नाही त्याच्या नावाची हाकाटी करायची, हे तिचं काम. एका शुक्रवारी परत न आलेल्या दिव्यांमध्ये तिच्या नवऱ्याचा दिवा होता. तिनं नेमून दिल्याप्रमाणे सगळी नावं मोठ्यानं वाचली, नवऱ्याचंही वाचलं, आणि मग खुर्चीवरून खाली पडली. तेव्हापासून वादिक अर्धा माझ्याकडेच वाढला. मला मूलबाळ नाही. नवरा होता, तो दारू आणि एक कंडक्टरीण यांच्यामागे लागून निघून गेला. जाऊ दे त्याचं.

आता माझं सांगते, कारण या गोष्टीत मी नुसती शेजारीण नाही. मी खेळाडूंच्या दवाखान्यात एकतीस वर्षं नर्स होते, डोळ्यांच्या खोलीत. कुठल्याही स्पर्धेला जायचं तर आधी आमच्याकडून प्रमाणपत्र लागतं: हृदय, कान, नसा, डोळे. डोळ्यांच्या खोलीत भिंतीवर दिवा लावलेली पेटी, पेटीत अक्षरांचा तक्ता. माझ्या हातात काठी. खेळाडू खुर्चीत बसतो, एक डोळा झाकतो, मी काठी ठेवते त्या अक्षराचं नाव सांगतो. दहावी ओळ वाचली की नजर पूर्ण. आत डॉक्टरीणबाई बसायच्या. नियम असा, की त्यांनी डोळ्यात दिव्याचा उजेड टाकून आतला पडदा बघायचा. पण बाहेर रांग, बाईंचे पाय सुजलेले, त्यामुळे मी जे लिहीन त्यावर शिक्का. सगळं माझ्या हातात होतं, हे मी लपवत नाही.

आणि तो तक्ता! आमच्या देशात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, शाळेत, सैन्यभरतीला, बसचालकांच्या तपासणीला, भिंतीवर एकच तक्ता. तीच अक्षरं, तोच क्रम. वरच्या दोन ओळी तर आमच्यातल्या दारुड्यालासुद्धा पाठ असतात, वाढदिवसाला मस्करीत म्हणून दाखवतात.

वादिक बारा वर्षांचा झाला तेव्हा स्तेपान ग्रिगोर्येविचनं त्याला उचललं. हा ग्रिगोरिच खाणकामगारांच्या सभागृहाच्या तळघरात साम्बो शिकवायचा, जाड कुडता पकडून खेळायची आमची कुस्ती. माणूस करवतीसारखा, बोलला की कापायचाच. त्या वर्षांत आमच्या जिन्यांत काय चालायचं ते सांगायला नको. सकाळी झाडताना नशेच्या सुया निघायच्या. वादिकच्या वर्गातली चार पोरं विशीच्या आत मातीत गेली. तळघरात गेलेली वाचली. एवढंच गणित होतं, आणि ते नीनालाही कळत होतं.

ग्रिगोरिचला डोळ्याचं माहीत होतं. तो मला म्हणाला, "सेम्योनोव्हना, पकडीला डोळे लागत नाहीत." आठवड्यातून एकदा तो तळघरातल्या सगळ्या पोरांच्या डोळ्यांवर फडकी बांधायचा आणि कुस्ती लावायचा. पोरांना वाटायचं, केवढी ही आगळी विद्या! अहो, विद्या कसली, एका पोराचं व्यंग झाकायला त्यानं वीस पोरांना आंधळं केलं होतं. पण वादिकचा हात त्यातून असा तयार झाला की कुडत्याची घडी कुठे आहे हे त्याला अंधारातही कळायचं.

चौदाव्या वर्षी प्रांताची स्पर्धा आली आणि वादिक माझ्या खुर्चीत येऊन बसला. उजव्या डोळ्यानं घडाघडा वाचलं. मग मी उजवा झाकायला सांगितलं. मला माहीत होतं तो वाचू शकणार नाही, मी 'अपात्र' लिहीन, आणि तळघराचं दार त्याला बंद होईल. मी काठी वर नेली. त्यानं पहिली ओळ म्हटली. दुसरी म्हटली. तिसरी, चौथी, खाली खाली, दहावीपर्यंत, न अडखळता. मी थक्क. मग गंमत म्हणून मी काठी त्याच ओळीतल्या शेवटून दुसऱ्या अक्षरावर ठेवली. त्यानं पहिल्या अक्षराचं नाव घेतलं.

"वादिक."

"काय मावशी?"

"कधी पाठ केलंस?"

त्याचा चेहरा लालबुंद झाला. "शाळेतल्या नर्सच्या खोलीत. रोज मधल्या सुट्टीत पोट दुखतंय म्हणून जायचो." मग हळूच म्हणाला, "काठी सरळ ने ना. डावीकडून उजवीकडे."

मी काठी सरळ नेली. डावा डोळा, पूर्ण दृष्टी, असं लिहिलं आणि आत पाठवलं. आत शिक्का पडल्याचा आवाज आला. मला त्या वेळी वाईट वाटलं नाही, हेच मला आता खुपतं. उलट मी घरी येऊन पॅनकेक केले, नीनाला बोलावलं, आणि आम्ही दोघी लग्न ठरल्यासारख्या हसलो. आपलाच मुलगा, आपल्याच माणसाच्या हातात शिक्का, मग अडवायचं कशाला? आमच्याकडे अशीच कामं होतात. डेंटिस्टची रांग, लाकडाची गाडी, पोराचं बालवाडीत नाव, सगळं ओळखीनं. मीही तेच केलं, ओळखीच्या दुकानातून भाजी आणावी तसं.

त्यानंतर दर स्पर्धेआधी तो यायचा आणि मी काठी सरळ न्यायची. साम्बोतून तो लढाऊ साम्बोत गेला, जिथं ठोसे-लाथाही चालतात. सैन्यात गेला, भरतीच्या तपासणीतही तोच तक्ता. परत आला तो खांदे रुंद आणि नाक वाकडं करून. तेविसाव्या वर्षी देशाचा विजेता. मग पिंजऱ्यातल्या मिश्र लढतींचे लोक ग्रिगोरिचच्या दारात आले. मॉस्कोत तपासणी झाली, भिंतीवर काय? आमचाच तक्ता! त्यानं मला तिथून फोन केला. "मावशी, इथं नर्स देखणी आहे, पण काठी तुझ्याइतकी छान नेत नाही."

"मेल्या, लाज वाटते का?"

"वाटते ना. म्हणून तर डोळे झाकून वाचतो."

सव्विसाव्या वर्षी तो त्याच्या वजनगटाचा विजेता झाला आणि सोन्यासारखा चकचकणारा पट्टा घेऊन रुदनिचनीत आला. खाण तेव्हा बंद पडत आली होती. कोपऱ्यावरची बेकरी बंद, सिनेमा बंद, तरणी माणसं उत्तरेकडे तेलाच्या विहिरींवर. आमच्याकडे दाखवण्यासारखं वादिकखेरीज काही उरलं नव्हतं. सभागृहाच्या भिंतीवर त्याचं नाव सोनेरी अक्षरांत लावलं. तो मान डावीकडे वळवून उभा राहायचा, उजव्या डोळ्याला दोन्ही बाजू दिसाव्यात म्हणून. वर्तमानपत्रवाल्यांनी लिहिलं, खास शैली! झालं, गावातली सगळी पोरं मान वाकडी करून गुद्दे मारायला लागली. मला हसावं की रडावं कळेना. त्याच्या डाव्या बाजूनं आलेले ठोसे मी मोजायची. कडेनं जे थोडं दिसायचं, त्यातलंही दर लढतीनंतर काही जायचं. "आता कानही दिसत नाहीत," तो एकदा चहा पिताना सहज म्हणाला.

मग परदेशाचं बोलावणं आलं. मोठा करार, जगभर दाखवतात त्या लढती. अख्खं गाव हवेत. वादिकनं नाही म्हटलं. कारण काय तर, "माझी माती इथं आहे." लोकांनी दोन दिवस टाळ्या वाजवल्या आणि तिसऱ्या दिवशी कुजबुज सुरू झाली. घाबरला. इथले लंगडे-पांगळे पाडून पट्टा मिरवतो. त्याच्या गॅरेजच्या दारावर कुणीतरी रंगानं 'भित्रा' लिहिलं. तिथल्या तपासणीत निराळी अक्षरं असतात आणि यंत्र थेट डोळ्यात बघतं, हे माझ्या आणि ग्रिगोरिचच्या खेरीज कुणाला माहीत होतं? वादिक बादली घेऊन दार घासत बसला. मी खिडकीतून बघत होते. खाली जाऊन लोकांना ओरडून सांगावंसं वाटलं. नाही गेले.

त्या 'भित्रा' शब्दाचा राग त्याच्या मनातून गेला नाही. पुढची दोन वर्षं तो मिळेल त्याच्याशी लढला. एकोणतिसावं लागलं तेव्हा ठरलं, की पट्टा राखायची पुढची लढत आमच्याच गावच्या बर्फमैदानाच्या इमारतीत होणार. बर्फावर फळ्या टाकून पिंजरा उभारणार, दूरदर्शनवर दाखवणार. आमच्या जन्मात गावात असं काही झालं नव्हतं. बेकरीवाल्या बाईनं त्या एका दिवसासाठी दुकान उघडायचं ठरवलं. ज्यानं 'भित्रा' लिहिलं असेल, त्यानंही तिकीट काढलं असणार.

लढतीला तीन आठवडे होते. वादिक दुपारी दवाखान्यात आला, खुर्चीत बसला. तोंडावर नेहमीची थट्टा नव्हती. मी म्हटलं, "उजव्यापासून." त्यानं डावा झाकला. मी काठी वर ठेवली आणि तो म्हणायला लागला, पहिली ओळ, दुसरी, तिसरी, त्याच सुरात, जो मी पंधरा वर्षं डाव्या डोळ्याच्या वेळी ऐकत आले होते. मी काठी उचलून मधल्याच अक्षरावर ठेवली.

"हे कुठलं?"

त्यानं मान खाली-वर करून बघितली.

"वादिक, हे कुठलं अक्षर?"

"वरचा भाग दिसत नाही, मावशी. पडदा ओढल्यासारखा वरून काळं खाली येतंय. सरावात कोपर लागलं, दहा दिवस झाले. आधी विजा चमकायच्या, आता काळं."

एकतीस वर्षं डोळ्यांच्या खोलीत काढून मला हे कळत नसेल का? आतला पडदा सुटत होता. मी खोलीचं दार लावलं आणि त्याच्यासमोर उकिडवी बसले.

"ऐक. आजच्या गाडीनं प्रांताच्या इस्पितळात जा. आज. तो पडदा अजून चिकटवता येतो. परत लढता येणार नाही, पण दिसेल. आठवडा गेला तर दिसणारही नाही. आणि एक ठोसा बसला तर संपलंच."

"तीन आठवडे, मावशी. फक्त तीन."

"तुझ्याकडे दुसरा डोळा आहे का रे, मूर्खा?"

"गॅरेजचं दार मी कितीदा घासलं माहितीये? रंग गेला, पण ऊन पडलं की अक्षरं अजून दिसतात." मग त्यानं माझा हात धरला. "तू पंधरा वर्षं लिहिलंस. आणखी एकदा लिही. मी जिंकतो, पट्टा ठेवतो, दुसऱ्या दिवशी इस्पितळ. आईची शपथ."

मी नाही म्हटलं. लिहिणार नाही म्हटलं. तो उठला, टोपी घातली, आणि दाराची कडी शोधताना त्याचा हात आधी लाकडावर आपटला.

आता मी काय करायला हवं होतं, हे शेंबडं पोरही सांगेल. आत जाऊन डॉक्टरीणबाईंना सांगायचं, याचे दोन्ही डोळे बघा. ग्रिगोरिचला सांगायचं. नीनाला सांगायचं. पण उजव्या डोळ्याचं सांगितलं तर पडद्यावर उजेड टाकून बघतील, आणि डाव्याचंही निघेल. मग पंधरा वर्षांचे माझ्या अक्षरातले कागद बाहेर येतील. निवृत्तीला मला दीड वर्ष होतं. माझी पाचावर धारण बसली. मी काय केलं? दुसऱ्या दिवशी रक्तदाब वाढलाय म्हणून आजारपणाची रजा टाकली. खरंच वाढला होता, खोटं नव्हतं तेही. माझ्या जागी अल्बीना नावाची पोरगी बसणार होती, नुकती शिकून आलेली, हात तीनदा धुणारी, नियमाची पक्की. मी मनाशी म्हटलं, ती त्याला ओळखत नाही, ती काठी वाकडीतिकडी फिरवील, ती पकडील. त्याचा डोळाही वाचेल आणि माझ्या हातून काही झालंही नसेल. असा विचार करून मी पांघरूण ओढून पडले.

तीन दिवसांनी अल्बीना माझ्यासाठी सफरचंदं घेऊन आली. गाल नुसते फुललेले.

"क्लावदिया सेम्योनोव्हना, तुम्ही नेमक्या आजारी पडलात! आपले विजेते कोप्तेलोव आले होते! स्वतः! किती साधे आहेत हो. माझ्याबरोबर फोटो काढला."

"डोळे तपासलेस?"

"म्हणजे काय! दहावी ओळ दोन्हीकडे घडाघडा. मी काठीसुद्धा धरली नव्हती, ते आपले म्हणतच गेले. विजेत्याला काय 'पुन्हा वाचा' म्हणायचं?"

तिनं फोनवरचा फोटो दाखवला. ती हसत होती. वादिक तिच्या शेजारी उभा होता आणि कॅमेऱ्याच्या जरा बाजूला बघत होता.

मी ग्रिगोरिचकडे गेले. तो तळघरात गाद्या शिवत बसला होता. मी सगळं ओकले. तो बराच वेळ सुई ओवत राहिला, दोरा जाईना.

"मला माहितीये," तो म्हणाला. "सरावात माझा हात दिसत नाही त्याला. मी म्हटलं, माघार घेऊ. म्हणाला, तू माघार घेतलीस तर मी तुझ्या जागी दुसरा शिकवणारा कोपऱ्यात उभा करीन."

"मग पोलिसात जा. इमारतीला आग लाव. काहीतरी कर!"

"तू का नाही जात?"

दोन म्हातारे, दोघांनाही सगळं माहीत, आणि दोघंही जागचे हललो नाही. मी त्याच्यावर थुंकून निघून आले, खरं तर स्वतःवर थुंकायला हवं होतं.

लढत मी नीनाच्या स्वयंपाकघरात बघितली. नीनाला उजव्या डोळ्याचं काही माहीत नव्हतं. तिनं पेल्मेनी, मांस भरलेले आमचे मोदक, उकडायला टाकले होते आणि भीती वाटली की ती टीव्हीकडे पाठ करून झाऱ्यानं ढवळायची. "काय झालं? पडला का?" "नाही गं, उभा आहे." समोरचा पोरगा दक्षिणेकडचा, लांब हातांचा. पहिल्या फेरीत त्यानं वादिकला नुसतं झोडपलं. ठोसा कुठून येतोय हे वादिकला बसल्यावरच कळत होतं. लोक ओरडत होते, "मान, वादिक, मान!" त्यांना वाटत होतं तो शैली विसरला.

दुसऱ्या फेरीत पोरगा जवळ आला आणि वादिकचा हात त्याच्या मनगटाला लागला. बस्स, एकदाच लागला. मी बघितलं, वादिकनं चक्क डोळे मिटले. त्यानं ते मनगट सोडलंच नाही. पोराला खाली ओढलं, त्याचा हात आपल्या मांड्यांत धरून मागे पडला आणि कोपर उलटं ताणलं. पोरगा हार मानून गादीवर थापट्या मारायला लागला. सगळी इमारत उभी राहिली. खालच्या मजल्यावर कुणीतरी पातेली बडवत होतं. नीना झारा टाकून माझ्या गळ्यात पडली.

मी मात्र टीव्हीकडे बघत होते. पट्टा आणला. वादिकच्या पुढ्यात धरला. वादिकनं दोन्ही हात पुढे केले आणि पट्ट्याच्या शेजारची हवा धरली. लोक हसले, प्रेमानं हसले, मार खाऊन गरगरलाय बिचारा. नीनाही हसली. "बघ ना वेड्याला!" ती म्हणाली. मी उठून पेल्मेनीखालचा गॅस बंद केला.

दुसऱ्या दिवशी शपथेप्रमाणे तो इस्पितळात गेला. तिथं मोठ्या डॉक्टरनं बघितलं आणि विचारलं, "तीन आठवड्यांपूर्वी कुठे होतास?" दोनदा शस्त्रक्रिया केली. काही परत आलं नाही. उजेड आणि अंधार एवढंच कळतं.

नीनाला मीच सांगितलं. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "तू रजेवर होतीस ना?" आणि दार लोटलं.

हिवाळा सरता सरता आम्ही अपंगत्व मंडळापुढे गेलो. कागद झाल्याखेरीज निवृत्तिवेतन नाही, औषधं नाहीत, आंधळ्यांच्या कारखान्यात कामही नाही. नीना दिवेघर बंद झाल्यावर घरीच होती, पाय धरलेले, म्हणून वादिकला हाताला धरून मी घेऊन गेले. त्यानं माझा हात धरला, एवढंच मला पुष्कळ होतं. तीन बायका टेबलामागे. मधली कागद चाळत होती, चाळता चाळता थांबली.

"उजवा समजला. डाव्याचं काय? आत जुना व्रण दिसतोय, पण तुमच्या दवाखान्याच्या कागदांत पंधरा वर्षं डावा डोळा पूर्ण. शेवटचा कागद लढतीच्या अठरा दिवस आधीचा, त्यातही दहावी ओळ." ती वैतागलेली होती, वाईट नव्हती. "नागरिक कोप्तेलोव, एक तर तुम्ही तेव्हा खोटं वाचलंत, नाहीतर आता न दिसण्याचं सोंग करताय. मी काय लिहू?"

वादिकनं मान सरळ केली. मला कळलं तो काय विचार करतोय. तेव्हा खोटं म्हटलं तर साऱ्या लढती रद्द, पट्टा परत, भिंतीवरचं नाव उतरणार, आणि गॅरेजवर काय लिहितील ते देव जाणे.

"आता," तो म्हणाला. "आता सोंग करतोय. लिहा."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीनं पेन उचललं.

मग माझ्याच्यानं राहवलं नाही. मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. कार्बाइड, तक्ता, सरळ नेलेली काठी, माझी रजा. माझं नाव, हुद्दा, पत्ता. मधल्या बाईनं लिहून घेतलं आणि खाली माझी सही घेतली. आयुष्यात पहिल्यांदा मी खऱ्या कागदाखाली सही करत होते, आणि मला वाटलं, देवा, निदान याच्या भाकरीपुरतं तरी मी बोलले.

वादिक माझ्या आवाजाच्या दिशेनं वळून बसला होता. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं.

"क्लावा मावशी," तो म्हणाला, "तेव्हा बोलायचं होतंस. आता माझ्याकडे तेवढंच उरलं होतं."

मी त्याला उठवायला दंड धरला. त्यानं तो सोडवून घेतला, खुर्चीची पाठ चाचपली, मग भिंत, मग दार, आणि एकटाच बाहेर पडला. मी त्याच्या मागे मागे, दोन पावलं अंतर ठेवून, "पायरी आहे, वादिक, जपून, आणखी एक पायरी आहे," असं म्हणत जिना उतरत राहिले, आणि तो मी तिथं नसल्यासारखा उतरत राहिला.